हनुवटीवरून ओळख: वुल्फ फिशच्या कार्डांच्या प्रकल्प नोंदी

६ जुलै २०२५

काम ठरलं. 'वुल्फ फिश' या एकाच नावाखाली आपल्याकडे जे मासे विकले जातात त्यांची मराठीत ओळखपत्रं करायची. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड, दुकानाच्या काउंटरवर राहील, ओल्या हातांनी धरलं तरी टिकेल असं. पुढे ओळखीच्या खुणा. मागे पूर्ण वाढ, टाकी, खाणं. मजकूर मी लिहीन. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या ताई तो तपासतील. टाक्या बांधणारा मित्र मागच्या बाजूची मापं बघेल. 'सहा फुटी टाकी लागेल' हे आपण चटकन लिहून टाकतो. ६ × २ × २ फुटांच्या टाकीत नुसतं पाणीच ६८० लिटरच्या आसपास भरतं, आणि ते तिसऱ्या मजल्यावर ठेवायचं असतं, हे त्याला रोज बघावं लागतं.

एवढा खटाटोप कशाला, असं घरी विचारलं गेलंच. या नावाखालचा सर्वांत छोटा मासा वीतभर होऊन थांबतो आणि सर्वांत मोठा मीटरच्या पुढे जातो. दुकानात दोघंही बोटभरच असतात.

९ जुलै

हद्द आखली. कार्डं फक्त एरिथ्रिनिडी कुळाची. या कुळात तीन वंश: हॉप्लियास, हॉप्लेरिथ्रिनस आणि एरिथ्रिनस. तिन्ही मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या गोड्या पाण्यातले, पिरान्हा आणि टेट्रा ज्या गणातले त्याच कॅरॅसिफॉर्मिस गणातले. अटलांटिक महासागरातला थंड पाण्याचा वुल्फफिश सर्वस्वी वेगळा, त्याचा इथे संबंध नाही. इंटरनेटवर 'वुल्फ फिश' शोधलं की पहिला फोटो बहुतेक त्याचाच येतो, म्हणून कार्डावर एक ओळ त्याच्यासाठी खर्ची घालणार.

कुळाच्या खुणा पक्क्या आहेत. अंग लांबट, जवळजवळ गोल आडव्या छेदाचं. शेपटीचा पर गोलसर. पाठीवरचा पर आखूड आणि पाठीच्या मध्याजवळ. त्याच्यामागे, शेपटीच्या अलीकडे, टेट्रा आणि पिरान्हाला असतो तो मांसल छोटा पर इथे नसतोच. तोंडाची फट डोळ्याच्या पुढच्या कडेच्याही मागे जाते, टाळूवरही दात असतात.

ताईंची सूचना: मराठी वाचकाला हे सगळं मरळीच्या शेजारी ठेवून दाखवा. मान्य. मरळ आपल्या लोकांनी बाजारात पाहिलेली असते, हातात धरलेली असते. दोघांचं अंग लांब, दोघं दबा धरणारे, दोघांना दात. पण मरळीचा पाठीवरचा पर डोक्याच्या मागून सुरू होतो तो शेपटीपर्यंत चालत जातो, पोटाखालचाही तसाच लांब. वुल्फ फिशचे हे दोन्ही पर आखूड. एवढं एक चित्र काढलं की पहिला गोंधळ मिटतो.

१४ जुलै

हॉप्लियास मलाबारिकस. आपल्याकडच्या अनेक माहितीपट्ट्यांवर हा 'मूळचा केरळचा' असतो. नावच तसं आहे, लिहिणाऱ्याला बोल कसा लावणार? बर्लिनचे डॉक्टर आणि मत्स्यतज्ज्ञ मार्कुस एलिझर ब्लॉख यांनी १७९४ साली या माशाचं वर्णन केलं आणि नमुना भारतातल्या मलबारचा आहे असं समजून नाव दिलं. मासा होता दक्षिण अमेरिकेतला. नामकरणाच्या नियमांप्रमाणे चुकीच्या गावाचं नाव बदलता येत नाही, त्यामुळे दोनशेहून जास्त वर्षं हा मासा मलबारचं नाव मिरवतोय. मलबारच्या नदीत तो नाही, आणि तिथे तो कधीही असू नये याबद्दल पुढे एक वेगळी नोंद करायची आहे.

त्याच्या मुलखात त्याला गावोगाव वेगळं नाव आहे: ब्राझीलमध्ये त्राइरा, अर्जेंटिनात आणि उरुग्वेत तारारिरा, त्रिनिदादमध्ये ग्वाबिन. खाण्याचा मासा आहे, काटे भरपूर. तिथल्या लोकांना काचेच्या टाकीत तो ठेवतात हे सांगितलं तर आपल्याकडच्या कोळणीला बोंबील पाळतात म्हटल्यावर जसं वाटेल तसंच वाटत असणार.

२० जुलै

मुंबईतल्या एका दुकानात दुपार काढली. एका रॅकवर चार लेबलं: 'वुल्फ फिश', 'ब्लॅक वुल्फ', 'गोल्ड वुल्फ', 'जायंट वुल्फ'. किमती चढत्या. काका मोकळेपणाने म्हणाले, "आयात करणारा बिलावर जे लिहितो ते आम्ही काचेवर लिहितो. मासा छोटा असताना कोण काय सांगणार?" प्रश्न रास्त आहे.

'वुल्फ' आणि 'ब्लॅक वुल्फ' या दोन टाक्यांतली पिल्लं मला एकसारखी दिसली. एका टाकीला काळं वाळूचं तळ आणि मागे काळा कागद, दुसरीला पांढरी वाळू. रंगाबद्दल आत्ता काही लिहीत नाही.

काकांनी मात्र कामाची गोष्ट सांगितली. ही पिल्लं जाळीने पकडायची नाहीत. दात जाळीत अडकतात, मासा पिळवटतो, जबडा दुखावतो. ते प्लास्टिकचा डबा पाण्यात आडवा धरून मागून हाताने हाकलत आत घेतात. कार्डाच्या मागच्या बाजूला हे येणार.

२७ जुलै

आजचा दिवस हॉप्लियासच्या गटांचा. जे हाती लागलं ते सविस्तर लिहून ठेवतो, कारण सगळी कार्डं यावर उभी राहणार.

हॉप्लियासमध्ये ढोबळ तीन गट धरले जातात: मलाबारिकस गट, लासेर्दी गट आणि ऐमारा. लासेर्दी गटाची नीट फेरमांडणी ओयाकावा आणि मॅटॉक्स यांनी २००९ साली केली आणि त्यात ऑस्ट्रेलिस आणि कुरुपिरा या दोन नव्या जाती नोंदवल्या. लासेर्दी, इंटरमेडियस आणि ब्राझिलिएन्सिस या आधीपासूनच्या. म्हणजे हौशी मंडळी ज्याला 'ब्लॅक वुल्फ' म्हणून दाम मोजतात त्या कुरुपिराला शास्त्रीय नाव मिळून अजून दोन दशकंही झालेली नाहीत.

गट ओळखायच्या मुख्य खुणा दोन. पहिली जिभेवर आहे: मलाबारिकस गटाच्या जिभेवर बारीक दातांच्या पट्ट्या असतात, बोट फिरवलं तर खरखर लागते, बाकीच्या दोन गटांची जीभ गुळगुळीत. मेलेल्या माशावर ही खूण उत्तम. जिवंत माशाच्या तोंडात बोट घालून खात्री करणाऱ्याने आधी बोटाची किंमत ठरवावी.

दुसरी खूण आपल्या कामाची. मासा खालून बघायचा, हनुवटीकडून. खालच्या जबड्याची डावी आणि उजवी हाडं पुढे कशी येतात ते पाहायचं. मलाबारिकस गटात दोन्हींच्या आतल्या कडा पुढे येता येता एकदम जवळ येतात आणि टोकदार इंग्रजी 'व्ही' बनतो. लासेर्दी गटात त्या कडा जवळजवळ समांतर येतात आणि पुढे रुंद 'यू' होतो. या खुणेला रंग, वाळू, दिवे, माशाचा मूड यातलं काहीच आड येत नाही.

ताईंना फोन केला. त्यांनी खुणेला दुजोरा दिला आणि एक अट घातली: बोटभर पिल्लावर हा फरक डोळ्यांना फसवू शकतो, म्हणून कार्डावर 'मासा वीतभर झाल्यावर पुन्हा पाहा' असं लिहायचं. लिहिणार.

३ ऑगस्ट

हनुवटीचा फोटो घ्यायचा कसा, हाच आता प्रश्न. मासा दिवसभर तळाशी पोट टेकून असतो. टाकीखाली थर्माकोल आणि लाकूड, खालून बघायची सोय नाही.

दोन उपाय जमले. एक: मासा नवीन आणताना पारदर्शक डब्यातच असतो, तेव्हा दोन स्टुलांवर जाड काच आडवी ठेवायची, काचेवर डबा, डब्यावर झाकण, आणि खालून मोबाइल. मिनिटभराचं काम. दोन: घरात मुरलेल्या माशासाठी लांब चिमट्यात कोळंबी धरून समोरच्या काचेजवळ, पाण्याच्या वरच्या थरात न्यायची. मासा तिरका वर येतो आणि क्षणभर हनुवटी काचेकडे होते. मोबाइल सलग फोटो काढत राहील असा लावायचा. फ्लॅश नको.

ओळखीच्या सगळ्या पाळणाऱ्यांना हा निरोप पाठवला. नुसता बाजूने काढलेला देखणा फोटो चालणार नाही, असं ठळक अक्षरांत.

१० ऑगस्ट

फोटो येताहेत. निम्म्यांहून जास्त फोटोंत मासा कमी आणि चिमटा जास्त. ताईंनी एका चिमट्याची जात ओळखून कळवली आहे.

१७ ऑगस्ट

नाशिकहून आलेला 'गोल्ड वुल्फ'. मालक घाबरलेला: मासा दर थोड्या वेळाने वर येऊन तोंड बाहेर काढतो, पाण्यात ऑक्सिजन कमी पडतोय का? हवेचे दोन पंप लावले तरी तेच.

हा फोटो बघायच्या आधीच ओळखता आला. हॉप्लियास हवेतला श्वास घेत नाही, त्याचा सगळा कारभार कल्ल्यांवर. हॉप्लेरिथ्रिनस आणि एरिथ्रिनस मात्र पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात आणि हवेच्या पिशवीतून ऑक्सिजन घेतात. फोटोने खात्री झाली: कल्ल्याच्या झाकणावर मोठा गडद ठिपका, तिथून शेपटीपर्यंत अंगाच्या मधोमध गडद पट्टा, जबड्यात हॉप्लियाससारखे ठळक सुळे नाहीत. हॉप्लेरिथ्रिनस युनिटेनिएटस. ब्राझीलमध्ये जेजू, गयानामध्ये यॅरो. उथळ, गढूळ, दलदलीच्या पाण्यात राहतो आणि एक डबकं आटलं की ओल्या जमिनीवरून सरपटत दुसरं गाठू शकतो.

मालकाला कळवलं की मासा ठणठणीत आहे आणि काळजी उलट बाजूने घ्यायची आहे. टाकी काठोकाठ भरून वर काच घट्ट बसवली तर हा मासा अडचणीत येईल. पाणी आणि झाकण यांच्यात चार बोटं मोकळी हवा ठेवायची, आणि झाकण मात्र पक्कं लावायचं, वजन ठेवून. जमिनीवर चालणाऱ्या माशाला स्वयंपाकघरापर्यंतचं अंतर काहीच नाही.

कार्डावर ओळखीच्या खुणांमध्ये पहिल्यांदाच वागण्याची खूण घेतली: 'वर येऊन हवा गिळतो का?' पट्ट्यावर एकट्यावर विसंबायचं नाही, कारण हॉप्लियासच्या पिल्लांच्या अंगावरही गडद आडवा पट्टा दिसू शकतो.

२४ ऑगस्ट

एरिथ्रिनसचं कार्ड लवकर झालं. छोटा, साधारण वीतभर, डोकं बोथट, पोटाकडे तांबूस झाक. व्यापारात 'रेड वुल्फ'. नराच्या पाठीवरचा पर वाढून मागे लांब निमुळता जातो, वयात आलेला नर त्यावरूनच कळतो. चार फुटी टाकीत आयुष्य काढू शकेल असा या कुळातला हाच. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने वुल्फ फिशचा हट्टच धरला असेल तर मी हाच सुचवेन. तरी हा काही गरीब मासा नव्हे. तोंडात मावेल ते सगळं खातो.

३० ऑगस्ट

गणपतीच्या सुट्टीत मलाबारिकसचं कार्ड घेतलं आणि अडकलो.

अडचण अशी की 'मलाबारिकस' ही एक जात राहिलेली नाही. ब्राझीलमध्ये बर्तोलो आणि सहकाऱ्यांनी या माशाच्या गुणसूत्रांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि ए पासून जी पर्यंत सात वेगवेगळे गुणसूत्र-प्रकार मांडले. गुणसूत्रांची संख्या ३९ पासून ४२ पर्यंत. विषम संख्या कशी, तर काही प्रकारांत लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांची मांडणीच निराळी आहे: 'डी' प्रकारात मादीला ४० आणि नराला ३९, 'जी' प्रकारात मादीला ४० आणि नराला ४१. एकाच नदीत दोन प्रकार शेजारी राहतात आणि त्यांची सरमिसळ होत नाही. बाहेरून बघणाऱ्याला सगळे सारखेच.

यातले काही आता वेगळे काढून त्यांना नावं दिली जाताहेत: अर्जेंटिनातून २०१५ साली म्बिगुआ, २०१६ साली मिसिओनेरा, २०१८ साली अर्जेंटिनेन्सिस. हे काम अजून चालू आहे.

मग दुकानातल्या माशाच्या कार्डावर नाव काय घालायचं? नदी माहीत नाही, देशसुद्धा बिलावर नीट नसतो. माझं मत: 'हॉप्लियास मलाबारिकस गट' एवढंच लिहावं आणि पुढे जाऊ नये. मित्राचं मत: ग्राहकाला 'गट' विकत घ्यायचा नसतो, त्याला नाव हवं असतं. ताई गावाला गेल्या आहेत. निर्णय लांबणीवर.

पाळणाऱ्याच्या दृष्टीने या गटात सगळ्यांची गरज सारखीच, म्हणून मागची बाजू लिहून टाकली. पूर्ण वाढ ४० ते ५० सेंटिमीटर. संथ, उथळ पाण्यातला, रात्री हिंडणारा, दिवसा वनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसणारा. पिल्लं किडे आणि बारीक कोळंबीवर वाढतात, मोठे मुख्यतः मासे खातात. विणीच्या वेळी उथळ पाण्यात तळाला खड्डा करून अंडी घालतात आणि नर त्यांची राखण करतो. एका टाकीत एकच. सहा फूट लांबी, अडीच फूट रुंदी. उंची कमी असली तरी चालते, रुंदी कमी असलेली चालत नाही, कारण मासा वळला पाहिजे. पाणी २४ ते २८ अंश. हिटरला प्लास्टिकची जाळी हवी. हा दांडगा एका फटक्यात काचेची नळी फोडतो.

८ सप्टेंबर

कोल्हापूरच्या पोराचा 'ब्लॅक वुल्फ'. चांगले पैसे मोजून घेतलेला. बाजूचा फोटो बघितला तर खरोखर काळा, शाई ओतल्यासारखा. हनुवटीचा फोटो आला: स्पष्ट 'व्ही'. म्हणजे कुरुपिरा नाही, मलाबारिकस गटातला.

त्याला सांगितलं की टाकीखालचा काळा कागद काढ, काळी खडी काढून पांढरी वाळू घाल, दिवा थोडा वाढव. आठवड्याने दुसरा फोटो आला. मासा तपकिरी, अंगावर पुसट नक्षी, शेपटीच्या परावर फिकट-गडद ठिपक्यांच्या ओळी. पोरगं हिरमुसलं. मासा तोच आहे, तितकाच तापट आहे, आणि आता त्याची नक्षी तरी दिसते, असं मी त्याला लिहिलं. त्यातलं शेवटचं वाक्य त्याला पटलं नसावं.

कुरुपिराच्या कार्डावर सर्वांत वर: 'काळा रंग ही ओळख नव्हे. हनुवटी पाहा.' अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात आणि गयानाकडच्या नद्यांत हा सापडतो, गडद तपकिरी ते काळा, जीभ गुळगुळीत, हनुवटी 'यू'. लासेर्दी गटातले बाकीचे चार ब्राझीलच्या पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या नद्यांतले. त्यांना वेगवेगळी कार्डं करत नाही, कुरुपिराच्याच कार्डावर चौघं. लासेर्दी स्वतः रिबेरा दि इग्वापे नदीवरून वर्णन केलेला, इंटरमेडियस साओ फ्रान्सिस्को आणि वरच्या पारानाचा, ऑस्ट्रेलिस उरुग्वे नदीचा, ब्राझिलिएन्सिस पूर्व किनाऱ्याच्या नद्यांचा. दुकानात नदी कळत नाही, म्हणून दुकानात यांच्यातला फरक सांगण्याचा आव कोणी आणू नये.

२१ सप्टेंबर

ऐमारा. या सगळ्या उद्योगाचं खरं कारण हा मासा आहे.

सुरिनाम, फ्रेंच गयाना आणि पूर्व अ‍ॅमेझॉनच्या नद्यांचा रहिवासी. बऱ्याचदा धबधब्यांच्या आणि खडकाळ वाहत्या पाण्याच्या भागात. मीटरभर किंवा त्याहून मोठा होतो, वजन ३० किलोंच्या पुढे जाऊ शकतं. नदीतल्या अन्नसाखळीच्या इतक्या टोकाला असतो की फ्रेंच गयानात सोन्याच्या खाणकामातून नदीत उतरलेला पारा याच्या अंगात मोठ्या प्रमाणात साठतो, आणि मारोनी नदीच्या वरच्या भागातल्या वायाना लोकांच्या जेवणात हा मासा असल्याने तिथे तो आरोग्याचा प्रश्न होऊन बसला आहे.

ओळख: हनुवटी 'व्ही' नाही, जीभ गुळगुळीत, आणि कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या पातळ पडद्यावर उभा लांबट गडद डाग. हा डाग लासेर्दी गटात आणि मलाबारिकस गटात नसतो. डोळाही मोठा वाटतो. पूर्वी मॅक्रोफ्थाल्मस, म्हणजे मोठ्या डोळ्यांचा, अशी एक वेगळी जात मानत. मॅटॉक्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं की तो ऐमाराच. व्यापाराच्या याद्यांत ती दोन्ही नावं अजून वेगवेगळ्या किमतींना दिसतात.

ठाण्याच्या एका गृहस्थांचा मासा 'जायंट वुल्फ' म्हणून आलेला. कल्ल्याच्या पडद्यावर डाग स्वच्छ दिसतो, हनुवटी रुंद. ताईंनी आणि मी वेगवेगळं पाहिलं, दोघांचं उत्तर एकच. लेबल या वेळी बरोबर होतं आणि गृहस्थ खूश झाले. मासा आत्ता हातभर आहे, टाकी चार फुटी. मित्राने कागदावर हिशेब मांडून दिला: पूर्ण वाढीच्या माशासाठी निदान १० फूट लांब, ४ फूट रुंद, अडीच फूट पाणी. १०० घनफूट, म्हणजे २,८०० लिटरच्या पुढे. जवळजवळ तीन टन नुसतं पाणी, फ्लॅटच्या दिवाणखान्यात. खाली राहणाऱ्यांना विचारलं पाहिजे.

कार्डाच्या मागच्या बाजूवर मला एकच ओळ हवी होती: 'घरी पाळण्याजोगा नाही.' मित्र म्हणाला, फार्महाऊसवाले आहेत, सिमेंटचे हौद आहेत, सरसकट नाही म्हणू नका. मग लिहिलं: 'घरातल्या टाकीत पाळण्याजोगा नाही.'

२८ सप्टेंबर

खाण्याची बाजू. जिवंत गोल्डफिश टाकून व्हिडिओ काढायची हौस सर्वत्र आहे. कार्डावर स्पष्ट नको म्हटलंय, आणि कारण दयेचं दिलेलं नाही, कारण दयेने हे थांबत नाही. गोल्डफिशच्या अंगात थायामिनेज असतं, ते ब-१ जीवनसत्त्व मोडतं. महिनोन्‌महिने तेच खाणारा मासा आजारी पडतो. शिवाय स्वस्तातल्या फीडर माशांबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग टाकीत येतो. त्यापेक्षा समुद्री माशाच्या मांसाच्या पट्ट्या, आलटूनपालटून सोललेली कोळंबी, आणि लहानपणापासून सवय लावली तर बुडणाऱ्या गोळ्या. मोठ्या माशाला आठवड्यातून दोन-तीनदा. चिमटा लांब हवा, हात पाण्यात नको. निश्चल पडलेला वुल्फ फिश झोपलेला असतो असा समज असणाऱ्यांची बोटं मी पाहिली आहेत.

५ ऑक्टोबर

रात्री पावसात वीज गेली, पहाटे आली. सकाळी निरोपांचा ढीग. यातून कार्डात एक रकाना वाढला: 'वीज गेली तर'.

जेजू आणि एरिथ्रिनस वरून हवा घेतात, त्यांना फारसा फरक पडत नाही. मलाबारिकस हवा घेत नाही, तरी कमी ऑक्सिजनच्या साचलेल्या पाण्यात तगून राहण्याची त्याची ताकद मोठी. लासेर्दी मात्र चांगल्या वाहत्या पाण्यातला. ब्राझीलमध्ये या दोघांची तुलना झालेली आहे आणि ऑक्सिजन घटत जातो तसा लासेर्दी आधी हार मानतो. ऐमाराही वाहत्या पाण्यातलाच, त्याला याच रांगेत धरावं. म्हणजे जितका मासा मोठा आणि महाग, तितका बॅटरीवर चालणारा हवेचा पंप गरजेचा. हनुवटीच्या आकाराचा असा उपयोग होईल असं आधी डोक्यात आलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर

मासा नदीत सोडण्याबद्दल. ही नोंद जुलैपासून लिहायची राहिली होती.

मोठा झालेला मासा परत घ्यायला दुकान तयार नसतं, मारायला मन होत नाही, मग रात्री तलाव. उजनीत चिलापी जम घेऊन बसली आहे, आता तिथल्या जाळ्यांत टाक्यांतला काच चाटणारा सकर मासाही निघतो. त्याला तिथे कोणीतरी सोडलंच असणार.

मलाबारिकसचं एक उदाहरण कार्डावर घेतलं आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या हिल्सबरो परगण्यात १९७०च्या दशकात हा मासा उघड्यावर पोचला आणि तिथे तगून वाढला. जानेवारी १९७७च्या कडाक्याच्या थंडीने तो संपला. माणसांच्या हातून ते काम झालेलं नाही. आज फ्लोरिडात त्राइरा बाळगायला बंदी आहे. आपल्याकडे कोकणातल्या किंवा विदर्भातल्या तळ्याला तशी थंडी कधी पडणार? दलदलीचं उबदार पाणी, कमी ऑक्सिजन, पिल्लांची राखण करणारा नर: या माशाला इथे सगळंच मानवेल, आणि मरळीच्या पिल्लांना तो मानवणार नाही.

मजकूर कडक झालाय असं मित्र म्हणतो. राहू दे.

२६ ऑक्टोबर

दिवाळीनंतर तिघं बसलो आणि मलाबारिकस कार्डाच्या नावाचा वाद मिटवला. ताईंनी तोडगा दिला: वर मोठ्या अक्षरांत 'त्राइरा', खाली बारीक अक्षरांत 'हॉप्लियास मलाबारिकस गट, दुकानातल्या माशाची नेमकी जात बाहेरून सांगता येत नाही'. ग्राहकाला म्हणायला नाव मिळालं. काकांना विचारलं, ते म्हणाले की बारीक अक्षरं कोणी वाचत नाही, तरी छापा.

एका गोष्टीवर ताई अडून बसल्या: 'व्ही' आणि 'यू'ची चित्रं शेजारी शेजारी, प्रत्येक हॉप्लियास कार्डावर, एकाच मापाची, एकाच ठिकाणी. कार्ड कुठलंही उचललं तरी तुलना तिथेच व्हावी. जागेसाठी माझी विणीची दोन वाक्यं गेली.

२ नोव्हेंबर

पाच कार्डं छपाईला दिली: त्राइरा, लासेर्दी गट (कुरुपिरासह), ऐमारा, जेजू, रेड वुल्फ. शाई आणि कागद पाण्यात टिकेल असा घेतला, लॅमिनेशनची कडा सुटते म्हणून ते टाळलं. पहिला गठ्ठा त्या चार लेबलांच्या रॅकवर जाणार. काकांनी 'ब्लॅक वुल्फ'चं लेबल काढून 'त्राइरा' लिहायची तयारी दाखवली आहे, किंमत मात्र तूर्त तीच राहील म्हणाले.

ठाण्याच्या गृहस्थांनी विचारलंय की ऐमाराबरोबर अरोवाना ठेवला तर चालेल का. उत्तर लिहिलं: चालेल, थोडा वेळ. सोबत हौद बांधून देणाऱ्याचा नंबर पाठवला.